एकवीस किलो चारशे

डॉक्टरांनी ओवीच्या नडगीवर अंगठा टेकवला, पाच मोजेपर्यंत दाबून धरला आणि उचलला. अंगठा गेला, खड्डा मात्र तसाच राहिला. हर्षाली बघत होती. कातडी वर यायला हवी होती, लेकरांची कातडी लगेच वर येते, आंघोळ घालताना, तेल चोळताना हजार वेळा तिचाच अंगठा तिथून फिरला होता. पण मेणात बोट रुतावं तसा तो खड्डा पोरीच्या पायावर स्वस्थ बसून राहिला, आणि ओवी आपल्याच पायाकडे कौतुकानं बघत म्हणाली, "मम्मी, होल पडलं." डॉक्टर हसले नाहीत. त्यांनी दुसऱ्या पायावर दाबलं. तिथंही तेच. मग फ्रॉक वर करून पोटावर हात फिरवला, बोटांनी टकटक वाजवून बघितलं, आणि नर्सला म्हणाले, लघवीचा नमुना घ्या, आत्ताच, आणि लहान मुलांचा बीपीचा पट्टा आणा. लहान मुलांचा असा वेगळा पट्टा असतो हे हर्षालीला माहीत नव्हतं. लेकरांचं बीपी कुणी बघतं, हेच माहीत नव्हतं. पाथर्डी फाट्यावरच्या त्या दवाखान्यात पाच वर्षं ती येत होती, लसी, सर्दी, जुलाब, एकदा नाकात गेलेला हरभऱ्याचा दाणा, आणि दर वेळी तिथल्या काट्यावर ओवीला उभं करताना ती मनातल्या मनात आकडा वर ढकलत राहायची. आज तिनं ओवीला जवळजवळ मिरवत नेऊन उभं केलं होतं.

आली होती तीसुद्धा डोळ्यांसाठी. तीन आठवडे झाले, सकाळी उठली की ओवीच्या पापण्या सुजलेल्या असायच्या, डोळ्यांच्या फटीच राहायच्या, आणि दुपारपर्यंत सूज ओसरायची. गल्लीतल्या फॅमिली डॉक्टरांनी ॲलर्जी म्हणून थेंब दिले होते. हवा बदलतेय, धूळ आहे, घराशेजारी बांधकाम चाललंय, सगळं पटण्यासारखं होतं. दुपारी ओसरते म्हणजे काळजीचं काय, असं हर्षालीही म्हणाली होती. रात्रभर आडवं झोपल्यावर अंगातलं पाणी चेहऱ्याशी येतं आणि दिवसभर उभं राहिलं की पायांत उतरतं, हे आता डॉक्टर साध्या आवाजात सांगत होते, आणि तिला आठवत होते ओवीचे सँडल. पंधरा दिवसांपूर्वी सँडलचा पट्टा लागेना, तेव्हा ती किती खूश झाली होती. रविराजला फोटो पाठवला होता, बघ, पाय वाढले तुझ्या लेकीचे. त्याच दिवशी जाऊन एक माप मोठे सँडल घेतले होते. चड्डीच्या इलॅस्टिकचा कमरेवर लाल वळ उठायचा, तोही तिला गोड वाटला होता. आणि ओवी रात्री गादी ओली करेनाशी झाली होती. दिवसभरातही दोनदा-तीनदाच जायची. मोठी झाली माझी बाई, असं म्हणून तिनं तिच्या गालाचा मुका घेतला होता, आणि गाल फुगीर, मऊ, थंडगार लागला होता. एकेक गोष्ट आता उलटी होऊन तिच्यासमोर उभी राहत होती. जे जे आनंदाचं म्हणून मोजलं, ते ते सगळं आजार होता.

नर्सनं नमुन्यात पट्टी बुडवली. पट्टीवरचा पिवळा चौकोन बघता बघता हिरवा झाला आणि मग गडद हिरवा. हर्षालीनं बीएस्सी केलं होतं, केमिस्ट्री घेऊन. कागदाचा रंग बदलला की पोटात काहीतरी आनंदानं हलायचं, अशी तीन वर्षं तिनं प्रयोगशाळेत घालवली होती. टेस्ट ट्यूब ज्योतीवर धरायची, वरचा थर पांढरा गढूळ झाला की लिहायचं, अल्ब्युमिन आहे. प्रथिनानं फेस होतो, हेही तिला माहीत होतं, दही घुसळताना आईला समजावून सांगण्याइतकं माहीत होतं. आणि गेले वीस दिवस ओवीनंतर कमोडमध्ये फेस तरंगत राहायचा, फ्लश केला तरी कडेला उरायचा, तर तिनं तो नवीन क्लीनरच्या नावावर टाकला होता. क्लीनर बदललासुद्धा. फेस गेला नाही, तेव्हा तिनं बघणं सोडून दिलं. हे कसं झालं? ती बघणारी बाई होती. बिस्किटाच्या पुड्यावरचं बारीक अक्षर वाचणारी, शाळेच्या बसचा टायर बघणारी, ताप शंभरच्या खाली असला तरी दर तासाला थर्मामीटर लावणारी. आणि फेस दिसत असून तिनं झाकण लावून टाकलं होतं.

डॉक्टर बोलत होते. किडनी म्हणजे चाळणी समजा, रक्तातली घाण खाली सोडायची आणि कामाचं वर ठेवायचं. ओवीच्या चाळणीतून कामाचं प्रथिन गळतंय. ते गळालं की पाणी रक्तात थांबत नाही, अंगात झिरपतं. लहान मुलांत हा आजार आम्ही बघतो, बऱ्याचदा औषधानं छान आटोक्यात येतो, पहिल्यांदाच झाला असेल तर मीच उपचार सुरू करतो. पण हिचं बीपी वाढलंय, आणि पट्टीवर रक्ताचाही अंश दिसतोय. असं दोन्ही असलं की मी एकट्यानं ठरवत नाही. लहान मुलांच्या किडनीच्या डॉक्टरांनी बघायला हवं, आणि आजच. त्यांनी फोन लावून वेळ घेतली, चिठ्ठी लिहिली. मधे ताप आला, पोट दुखायला लागलं, उलट्या झाल्या किंवा लघवी थांबली तर वेळेची वाट बघायची नाही, थेट ॲडमिट करायचं, असं दोनदा सांगितलं. मग चिठ्ठीवरून मान वर न करता विचारलं, घरी काही औषध चालू आहे का. "डोळ्यांचे थेंब. बाकी काही नाही," हर्षाली म्हणाली. इतक्या सहज म्हणाली की तिचं तिलाच ते खरं वाटलं. दवाखान्याच्या पायऱ्या उतरताना मात्र तिनं रेलिंग धरलं, ओवीसाठी धरल्यासारखं दाखवून.

स्वयंपाकघरात, डाळींच्या डब्यांमागे, एक प्लॅस्टिकची पिशवी होती. तिच्यावर नाव नव्हतं, तारीख नव्हती, काहीच छापलेलं नव्हतं. शाळेतल्या आयांच्या ग्रुपवर एकीनं तिच्या मुलाचे दोन फोटो टाकले होते, आधीचा आणि नंतरचा, आणि खाली लिहिलं होतं, घरगुती चूर्ण, भूक लागते, अंग धरतं, कुणाला हवं तर सांगा. एरवी हर्षालीनं असल्या गोष्टीवर चार ओळींचं भाषण लिहिलं असतं. त्या वेळी तिनं ग्रुपवर काहीच लिहिलं नाही, वेगळा मेसेज केला. चूर्ण तांबूस होतं. नाचणीचा रंग असेल, असं तिनं स्वतःला सांगितलं. जी बाई पदार्थ रंगावरून ओळखायला शिकलेली, तिनं रंगाला स्वतःच नाव देऊन टाकलं. संक्रांतीनंतर सुरू केलं होतं. दुधात घालून. रविराज पिंपळगावच्या द्राक्षांच्या पॅकहाऊसला कामावर लवकर जायचा, त्याला कळायचा प्रश्नच नव्हता. आणि सासूबाई आल्या की पिशवी अजून मागे सरकायची.

हे सगळं तुलेसाठी. हे कारण तिनं आजवर मनातसुद्धा घेतलं नव्हतं, आज रिक्षाची वाट बघताना ते आपोआप वर आलं. रविराजच्या घरी, निफाडकडे, पोर पाच वर्षांचं झालं की त्या साली बागेत पहिला खुडा सुरू व्हायच्या दिवशी त्याची द्राक्षांनी तुला करतात. जुना लाकडी तराजू फक्त त्याच दिवशी पडवीतून निघतो. एका पारड्यात पोर, दुसऱ्यात द्राक्षं, दांडी सरळ होईपर्यंत घड ठेवायचे. मग ती द्राक्षं क्रेटमध्ये भरून वजनकाट्यावर चढवायची आणि सासऱ्यांनी, खंडेरावांनी, आकडा मोठ्यानं सांगायचा, मळ्यातल्या सगळ्या बायामाणसांना ऐकू जाईल असा. मग द्राक्षं गावच्या शाळेत वाटायची. दोन वर्षांपूर्वी जावेच्या अथर्वची झाली तेव्हा आकडा आला बावीस. खुडणाऱ्या बाया हसत हसत म्हणाल्या होत्या, आता पुढची पाळी शहरातल्या परीची, तिला घडसुद्धा लागायचा न्हाई, चार मणी टाका. सासूबाईही हसल्या होत्या. आई शिकलेली, पण लेकरू उपाशी दिसतं, हे त्यांचं ठरलेलं वाक्य, त्यात दुष्टावा नसायचा, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलायच्या. ओवी जन्मली तेव्हाच दोन किलो शंभर होती. तिथून प्रत्येक ग्रॅम हर्षालीनं हातानं चढवला होता, नाचणी, खजूर, तूप, उकडलेलं अंडं, गोष्ट सांगत, टीव्ही लावत, कधी रडत. मोबाईलमधल्या ॲपवर वाढीची रेघ असायची, ओवीचा ठिपका कायम मधल्या रेघेखाली. संक्रांतीला सोळा किलो सहाशे होती. आणि मग ठिपका वर निघाला. एक रेघ ओलांडली, दुसरी ओलांडली. झोपायच्या आधी ती ते चित्र उघडून बघायची, बाकीच्या बायका दागिने बघतात तसं.

नऊ दिवसांपूर्वीच तुला झाली. खंडेरावांनी काट्यावरून मान वर केली, क्षणभर थांबले आणि म्हणाले, "एकवीस किलो चारशे." मळ्यात टाळ्या वाजल्या. जावेनं ओवीला उचललं आणि म्हणाली, बाई गं, काय भरलीये ही. सासूबाईंनी ओवीवरून मीठ-मोहऱ्या उतरवल्या आणि सगळ्यांदेखत हर्षालीच्या पाठीवर हात ठेवला. सहा वर्षांत पहिल्यांदा. तो हात अजून पाठीवर होता, इथे, उन्हात, रिक्षा स्टँडवर. दोन महिन्यांत पावणेपाच किलो. पाच वर्षांच्या पोरीचं वजन दोन महिन्यांत पावणेपाच किलो वाढत नाही. हे गणित चौथीतल्या मुलाला आलं असतं.

तिनं रविराजला फोन केला. मागे क्रेट आपटल्याचे आवाज होते, कंटेनर लागला होता. किडनी, तो म्हणाला, आणि थोड्या वेळानं परत म्हणाला, किडनी, लहान मुलाला? त्याला वाटत होतं किडनी म्हाताऱ्यांची जाते, नाहीतर पिणाऱ्यांची. सोमवारी जाऊ, मी सुट्टी टाकतो, आपण दोघं नीट जाऊ. तिनं आज म्हटलं. डॉक्टर घाबरवतात गं, तो म्हणाला, तिनं परत आज म्हटलं, तेव्हा त्याचा आवाजच बदलला. तू हो पुढे, मी निघतो.

लताबाई, तिच्या सासूबाई, तुलेनंतर द्राक्षं घेऊन नातीसोबत राहायला म्हणून नाशिकला आल्या होत्या. त्यांना बिल्डिंगखालून घेतलं. वर जाऊन ती पिशवी घ्यावी की नाही, हे हर्षाली तेवढ्या दोन मिनिटांत रिक्षात बसून ठरवू शकली नाही, आणि न ठरवणं हेच ठरून गेलं. लताबाईंनी ओवीला मांडीवर घेतलं. रिक्षा इंदिरानगरच्या बोगद्यापाशी अडकली, पुढे ट्रक, मागे हॉर्न. हर्षालीनं जेवढं सांगता येईल तेवढं सांगितलं. त्या ऐकत होत्या. आपल्या घरात कुणाला कधी मूतखडासुदिक नाय झाला, म्हणाल्या. नजर असंल, एवढ्या लोकांत वजन काढलं, मी म्हणतच होते दाराआड काढा. गावात बोलू नको कुणापाशी, पोरीची जात हाय, उद्या कुणी म्हणंल हिची किडनी खराब हाय. बोगद्याच्या अंधारात रिक्षा शिरली तेव्हा त्यांनी विचारलं, "मंग ते वजन?"

"पाणी आहे, आई."

"समदं?"

"पुष्कळसं."

त्यांनी ओवीचा पाय आपल्या तळव्यावर घेतला आणि तोलल्यासारखा धरला. "लेकराच्या अंगात पाणी भरत व्हतं," त्या हळूच म्हणाल्या, "आन आपण टाळ्या वाजवल्या." मग बोगद्याबाहेरच्या उजेडात डोळे मिचकावत सांगायला लागल्या की त्या दिवशी ह्यांनी आकडा वाचला आणि थांबले होते, तुला आठवतं का, घरी आल्यावर म्हणाले, पोरगी हातात घेतली तर जड नाय लागत, थलथल लागती, खुडायला आलेल्या बागेला पाणी जास्त झालं की घड लागतो तशी. "म्या त्यांना गप केलं. म्हटलं, चांगलं झालं तर तेबी बघवंना तुम्हाला." म्हणजे एका माणसाच्या हातांना कळलं होतं. आणि बोलायची वेळ आली तेव्हा त्याला गप्प बसवलं होतं, तिच्या सुखासाठी. तिच्या पाठीवरच्या त्या हातासाठी.

शरणपूर रोडवरच्या त्या दवाखान्यात भिंतीवर वाघ, हत्ती काढले होते. वाट बघणारी मुलं इतकी साधी दिसत होती की हर्षालीला त्याचाच धक्का बसला. एक मुलगा आईच्या मोबाईलवर गाडी चालवत होता. त्याच्या आईनं आपणहून सांगितलं, याचा आजार तिसऱ्यांदा उलटलाय, आता काही वाटत नाही, रोज सकाळी पट्टी बुडवते, वहीत लिहिते, सर्दी झाली की मात्र जीव खाली-वर होतो. मीठ कमी, एवढंच, शाळेत जातो, क्रिकेट खेळतो. औषधानं चेहरा गोल होतो हं, ती म्हणाली, लोक म्हणतील काय तब्येत झालीये, मनावर घ्यायचं नाही. हर्षालीनं मान हलवली. तब्येत हा शब्द तिला कानात खुपला.

किडनीच्या डॉक्टर पंचेचाळिशीच्या, चष्मा कपाळावर चढवलेल्या बाई होत्या. त्यांनी ओवीलाच आधी विचारलं, शू करताना दुखतं का गं, लाल होते का, चहासारखी होते का. ओवीनं विचार करून सांगितलं, बुडबुडे येतात. मग हर्षालीला तारखा विचारल्या. सूज कधीपासून, आधी घसा धरला होता का, अंगावर पुरळ, सांधे, घरात कुणाला बहिरेपण, किडनीचा आजार. हर्षाली नेमकं सांगत गेली, तारीख, वार, सकाळ की संध्याकाळ. फेसाचंही सांगितलं, वीस दिवस, मला वाटलं क्लीनरचा आहे. डॉक्टरांनी मान वर केली नाही, फक्त लिहिलं. त्या मान वर करतील आणि काहीतरी बोलतील, याची ती वाट बघत होती. बोलल्या असत्या तर बरं झालं असतं.

"आता एक नीट सांगा," त्या पेन खाली ठेवून म्हणाल्या. "बाहेरचं काही दिलंय का? चूर्ण, गुटी, भस्म, भूक वाढवायचं, वजन वाढवायचं काही. मी रागवायला विचारत नाही. असल्या पुड्यांत कधी स्टेरॉईड मिसळलेलं असतं, ते एकदम बंद केलं तरी धोका. कधी पारा निघतो, आणि पाऱ्यानं नेमकी हीच चाळणी बिघडते. तसं असेल तर माझं औषधच बदलतं."

पारा. कॉलेजात एकदा थर्मामीटर फुटला होता. सगळ्या मुली बाकांवर चढून बसल्या होत्या आणि सर कागदाच्या घडीनं ते चंदेरी थेंब गोळा करत होते, कुणी हात लावू नका म्हणून ओरडत. तिनं तोंड उघडलं. समोर टेबल होतं, टेबलावर किडनीचं प्लॅस्टिकचं मॉडेल, अर्धं उघडलेलं, आत लाल-निळ्या नळ्या. नाही म्हणणं अजून शक्य होतं. उद्या रविराजसोबत येऊन सांगता येईल. फोन करून सांगता येईल. आज रात्री पिशवी टाकून दिली आणि पुढचं सगळं नीट केलं तर कदाचित सांगावंच लागणार नाही.

"छ्या," लताबाई म्हणाल्या. "आमची हर्षाली नाय हो देत असलं काय. म्या सांगते ना, डॉक्टरीणबाई. मी एकदा बाळगुटी आणली गावाकडनं, तर चार दिस बोलली नाय माझ्याशी. औषधाच्या बाटलीवरचं वाचल्याबिगर पोरीच्या तोंडाला चमचा लावत नाय ती. लय जपती." आणि त्यांनी हर्षालीकडे बघितलं, अभिमानानं, तुलेच्या दिवशी बघितलं होतं त्याहून जास्त.

ओवी आजीच्या मांडीवर होती. तिनं आजीकडे बघितलं, मग डॉक्टरांकडे, मग आईकडे. तिचे सुजलेले डोळे जेवढे उघडतील तेवढे उघडले होते, आणि ओठ तिनं घट्ट मिटून आत घेतले होते. हर्षालीनं तिला शिकवलं होतं तसेच. आजीला सांगायचं नाही, पप्पाला सांगायचं नाही, आपलं दोघींचं सीक्रेट. पाच वर्षांची पोर ते सीक्रेट तोंडात धरून बसली होती, शहाण्यासारखी, आपली आई कौतुक करेल म्हणून वाट बघत.

"दिलंय," हर्षाली म्हणाली.

लताबाईंची मान वळली ती तिला दिसली नाही, जाणवली.

"चूर्ण आहे. तांबूस. नाव नाही त्याच्यावर. संक्रांतीपासून देतेय." तिचा आवाज सपाट निघाला, प्रॅक्टिकलच्या परीक्षेत निरीक्षणं वाचून दाखवावीत तसा. "घरी आहे अजून, आणून देते."

डॉक्टरांनी पेन उचललं. पिशवी तशीच्या तशी आणा, हात लावू नका, तपासायला पाठवू. रक्ताच्या, लघवीच्या चाचण्या आजच करू, त्यात धातूंचीही. ॲडमिट करून घेते, बीपी खाली येईपर्यंत सोडत नाही. त्या थांबल्या, हर्षालीकडे नीट बघितलं. हा आजार काहीही न देतासुद्धा मुलांना होतो, त्या म्हणाल्या, बहुतेकांना तसाच होतो. चूर्णानं झाला की नाही, हे कदाचित कधी कळणारही नाही. पण तुम्ही सांगितलंत, आता मला कुठे बघायचं ते माहीत आहे. शेवटचं कधी दिलं?

"आज सकाळी."

"रोज किती?"

"एक चमचा," हर्षाली म्हणाली.

आजीच्या मांडीवरून ओवीनं आईकडे बघितलं. सीक्रेट संपलंय, आता बोललं तर चालतं, हे तिला हळूहळू समजत होतं. "नाही," ती म्हणाली. "आधी एक. मग दोन. तराजूत बसायच्या आधी तीन."

डॉक्टरांचं पेन कागदावर टेकलेलं होतं, कोणता आकडा लिहायचा याची वाट बघत. लताबाईंनी ओवीला मांडीवर थोडं वर ओढून घेतलं.

"तीन," हर्षाली म्हणाली. "ती सांगते तेच लिहा."